सेक्टर १७ मधला हस्की

जूनमधली संध्याकाळ. सेक्टर १७ मध्ये नीलम सिनेमासमोरची फरशी अजून तापलेली, आणि तिच्यावर एक सायबेरियन हस्की जीभ लोंबवून धापा टाकत होता. मालक अभिमानानं सांगत होता, "दिवसभर एसीतच असतो."

बर्फात स्लेज ओढायला घडलेलं, दुहेरी लोकरीचं हे जनावर. त्याला खोलीत कोंडायचं आणि वर कौतुक करून घ्यायचं! पुण्या-नागपूरकरांनी हसू नये, तुमच्याकडेही हेच चाललंय.

गेल्या जानेवारीत पोस्टवरची दोन भोटिया कुत्री आमच्या पेट्रोलमागे निघाली. कुणी बोलावलं नव्हतं. पहाटे पाच ते अंधार पडेपर्यंत चाल, बर्फ मांडीपर्यंत. लबाड, आम्ही तुडवलेल्या वाटेनंच येत होती. एका उतारापाशी मात्र दोघंही अडून बसली. आम्ही वळसा घेतला, दोन तास गेले. उतार कोसळला असता का, देव जाणे. रात्री दोघं लंगरबाहेर बर्फातच, शेपटीत नाक खुपसून झोपली.

२०१६ साली सियाचीनच्या हिमस्खलनात लान्स नायक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, त्या शोधात डॉट आणि मिशा ही लष्करी कुत्री होती. बर्फातलं कुत्रं म्हणजे हे.

खडकवासल्याला घोडेस्वारीचे उस्ताद बजावायचे, आधी जनावराला पाणी, मग तुम्ही. न राहवून त्या मालकाला म्हटलं, गल्लीतलं गावठी पिल्लू घ्यायचं होतं, उन्हातही मजेत राहिलं असतं.

"सर," तो म्हणाला, "पंचेचाळीस हजार मोजलेत."

पाण्याची बाटली माझ्याच पिशवीतून निघाली.