गुणवत्ता : फायलीतली आणि वर्गातली

गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या प्रणेत्यांपैकी एक, अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड डेमिंग, १९५० साली जपानमधील उद्योजकांना व अभियंत्यांना शिकवायला गेले. माल तयार झाल्यावर तपासणी करून गुणवत्ता येत नाही, ती घडणीतच असावी लागते, हे त्यांच्या शिकवणीचे सार. पुढे मांडलेल्या चौदा सूत्रांत त्यांनी संख्यात्मक उद्दिष्टे आणि कामाच्या जागेवरची भीती, दोहोंना हद्दपार करण्यास सांगितले. आपल्या विद्यापीठांनी या विचाराचे नाव तेवढे घेतले आणि रीत मात्र नेमकी उलट स्वीकारली, असे आमचे मत आहे.

१९९४ साली नॅक ही मूल्यांकन परिषद स्थापन झाली. स्वतःकडे पाहून स्वतःचा अहवाल लिहिण्याची सवय महाविद्यालयांना तिने लावली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु कामाचा अहवाल लिहिता लिहिता अहवाल हेच काम होऊन बसले. व्याख्यान संपण्याआधी त्याचे छायाचित्र आणि उपस्थितिपत्रक यांची चिंता सुरू होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाची बढती गुणांकांशी जोडली. शोधनिबंधाला गुण मिळताच पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अनुकूल श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली. खटल्याचा निकाल काहीही लागो; एका अक्षराला एवढी किंमत का यावी, हा प्रश्न उरतोच.

मोजमाप नको तर कामचुकारांचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशेब दिलाच पाहिजे, आणि अध्यापक त्याला अपवाद नाहीत. वाद आहे तो हिशेब कशाचा, एवढाच. मंजूर जागांपैकी किती भरल्या? किती विषय तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर सोपवले? विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध तपासून, त्यावर चार ओळींचा शेरा लिहून त्याला परत मिळाला का? यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शासनानेही द्यायची आहेत. तिसऱ्याचे उत्तर आम्ही अध्यापकांनी द्यावे, आणि ते विद्यार्थ्यांच्या वह्या उघडून तपासले जावे.