काउन्सेलर लावला, पण निबंध कोणाचा?

"तुम्ही अजून कोणाला लावलं नाही?" दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, इथे एडिसनमध्ये, हातात फराळाची ताटली असताना एका मैत्रिणीनं मला विचारलं. क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, सांगलीत आपण क्लास लावायचो, मेस लावायचो, तसं इथे अकरावीतल्या मुलांना कॉलेजच्या प्रवेशासाठी काउन्सेलर लावतात. आमची लेक अकरावीत होती आणि आम्ही काहीच 'लावलं' नव्हतं. त्या रात्री मला आणि नवऱ्याला झोप लागली नाही.

आम्हा दोघांनाही या कामाचा अनुभव शून्य. १९९३ साली माझा प्रवेश म्हणजे बारावीचे मार्क, एक फॉर्म आणि बोर्डावर लागलेली यादी. बाबांनी यादीवरून बोट फिरवलं, नाव सापडलं, आम्ही येताना भडंग घेऊन घरी आलो. संपलं. (आता तिकडेही कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरून द्यायला लोक पैसे घेतात, असं भाचा सांगतो. म्हणजे मागे राहिलो ते फक्त आम्हीच.)

इथे मार्क ही फक्त सुरुवात. कॉमन अ‍ॅप नावाचा एक अर्ज शेकडो कॉलेजांना चालतो, पण त्याशिवाय बऱ्याच कॉलेजांचे स्वतःचे वेगळे निबंध असतात. दहा अ‍ॅक्टिव्हिटी भरता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरं. मुख्य निबंध ६५० शब्दांचा. एसएटी काही ठिकाणी ऐच्छिक, एमआयटीसारख्या ठिकाणी पुन्हा सक्तीची, तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत दिली तरी बघत नाहीत. शाळेचा स्वतःचा काउन्सेलर असतो. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत अशी त्यांच्याच संघटनेची शिफारस आहे, पण बहुतेक शाळांत त्याहून कितीतरी जास्त असतात. शेवटी आम्ही साडेसहा हजार डॉलरचं पॅकेज घेतलं.

आता खरं सांगते, पहिल्या तीन बैठकांचे पैसे वसूल झाले. लेकीच्या यादीत अठरा कॉलेजं होती, त्यातली चौदा अशी की तिथे भल्याभल्यांना नकार येतो. सरांनी ती अकरावर आणली आणि तिला आवडतील अशी, पण प्रवेशाची बऱ्यापैकी खात्री असलेली तीन घालायला लावली. 'अर्ली डिसिजन' म्हणजे काय, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. तो बांधून घेणारा करार असतो. निवड झाली की जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दोन कॉलेजांनी किती मदत देऊ केली याची तुलना करायची सोय राहत नाही. ज्या घरात पैशाचा विचार करावा लागतो, त्या घरानं हे नोव्हेंबरच्या आधी समजून घ्यायला हवं. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आमचे आकडे टाकले. खाजगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो, हे ऐकून होतो. आपल्या वाट्याला त्यातले किती येतील, ते स्क्रीनवर पाहिल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. पण ते बोलणं जूनमध्ये झालं, पुढच्या एप्रिलमध्ये रडारड करत झालं नाही.

निबंधापाशी मात्र गाडी अडली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या आमच्या घरात शिरलं. त्या डिसेंबरात आम्ही गेलो, तेव्हा आईनं भिजलेले अल्बम वाळवून ट्रंकेत ठेवले होते. फोटो एकमेकांना घट्ट चिकटलेले. बारा वर्षांची माझी लेक आणि तिची आजी रोज जेवणं झाली की ते एकेक सोडवत बसायच्या. काहींचे चेहरे पार निघून गेले होते. हे कोण ते आजी सांगायची आणि ही आपल्या कच्च्या देवनागरीत मागे नाव लिहायची. लेकीनं निबंध लिहिला तो याच दुपारांवर. चेहरा गेलेल्या माणसाला आजी नुसत्या उभं राहण्याच्या ढबीवरून कशी ओळखते, एवढंच त्यात होतं.

सरांना विषय आवडला. पण म्हणाले, "यात अचिव्हमेंट कुठे आहे? अजून उन्हाळा हातात आहे, पूरग्रस्तांसाठी एक नॉन-प्रॉफिट काढू या." निबंध त्यांच्या एडिटरकडे गेला आणि दहा दिवसांनी परत आला तेव्हा पुरानं माझ्या मुलीला 'क्लायमेट लीडर' बनवलं होतं. 'रेझिलियन्स' हा शब्द तीनदा. फोटो तीन ओळींत आटोपलेले. आणि आजी? ती आता नुसती 'पूरग्रस्त ज्येष्ठ नागरिक' होती.

मला तो आवडला, हे कबूल करते. इंग्रजी काय सफाईदार! मी लेकीला म्हटलं, "अगं, त्यांना कळतं यातलं. आपल्याला काय कळतं?" नवऱ्यानं भरलेल्या पैशांची आठवण करून दिली. तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी तिनं अर्जाचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. तिथे मुलानं सही करून सांगायचं असतं की हे सगळं माझं स्वतःचं काम आहे, खरं आहे. "आई, इथे सही कोण करणार? तू?"

२०१९ मध्येच रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं प्रकरण गाजलं होतं. खोट्या खेळाडूंचे फोटो, परीक्षेत बदललेली उत्तरं. तेव्हा आपल्या घराघरांत आपण म्हणालो, काय हे लोक! ते गुन्हेगार होते, आपण नाही, हे खरंच. पण सतरा वर्षांच्या मुलीनं काढलेला आवाज पैसे देऊन बदलून घेताना मला काहीच खटकलं नाही, हेही खरं.

म्हणून माझं मत असं. यादीसाठी, तारखांसाठी, पैशाच्या गणितासाठी मदत जरूर विकत घ्यावी. पूर्ण पॅकेजच घ्यायला हवं असं नाही, काही जण तासावरही काम करतात. या धंद्याला इथे सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा प्रवेशाची हमी देणाऱ्यापासून लांबच राहावं. त्यांच्या आयईसीए या संघटनेच्या नियमातही अशी हमी बसत नाही. शाळेच्या काउन्सेलरला भेटायला मुलालाच पाठवावं. शाळेचा अहवाल तोच पाठवतो, बाहेरचा कितीही महाग असला तरी ते काम करू शकत नाही. एच-१बी वर असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. मूल इथे जन्मलेलं असेल तर त्याला फाफ्सा भरता येतो, एच-४ वरच्या मुलाला केंद्र सरकारची ती मदत मिळत नाही. हे आधी कळलं तर यादीच वेगळी होते. न्यू जर्सीत वर्गातल्या पहिल्या पंधरा टक्क्यांतल्या मुलांना एनजे स्टार्समधून काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होऊ शकते, आणि तिथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. आपल्या मंडळींना त्याची लाज का वाटते, मला अजून उमगलेलं नाही. निबंध मात्र मुलाचा. कोणी वाचून "इथे समजलं नाही" म्हणावं, शुद्धलेखन तपासावं, आणि हात काढून घ्यावा.

लेकीनं स्वतःचाच निबंध पाठवला. नॉन-प्रॉफिट निघालं नाही. चार ठिकाणी नकार आला, एका ठिकाणी वेटिंग लिस्ट, आणि रटगर्समध्ये प्रवेश मिळाला. सप्टेंबरपासून ती तिथे आहे, घरापासून वीस मिनिटांवर. दुसरा निबंध पाठवला असता तर काय झालं असतं, असं नवरा अजून कधीतरी म्हणतो. मी उत्तर देत नाही, कारण माझ्याकडे नाही.

जाण्याच्या आदल्या रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर आजीला तो निबंध मराठीत सांगितला, अडखळत, मध्येच माझ्याकडे शब्द मागत. आईनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस गं. पण तो स्टेशनवरचा फोटो मिरजेचा नव्हे, जयसिंगपूरचा."