गुणांचा पूर आणि द्वारपंडिताची परीक्षा

२०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही नामांकित महाविद्यालयांनी पहिल्या प्रवेशयादीची रेषा १०० टक्क्यांवर ओढली, तेव्हा गुणपत्रिका नावाच्या कागदाचा उरलासुरला अर्थही संपला. त्या वर्षी करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली होती, हे खरे. पण रोग जुना होता. श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ मध्येच काही विद्यार्थ्यांसाठी हा आकडा गाठला होता. एक मंडळ सढळ हाताने गुण देते, दुसरे हात आखडते. मग मराठवाड्यातील मुलाची गुणवत्ता त्याच्या मंडळाच्या औदार्यावर ठरू लागते.

म्हणूनच २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी विषयवार सामायिक प्रवेश परीक्षा (सीयूईटी) सुरू झाली, याचे स्वागत करावयास हवे. ती मराठीसह १३ भाषांत देता येते, ही स्वभाषेचा आग्रह धरणाऱ्यांना सुखावणारी गोष्ट. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने या परीक्षेविरुद्ध ठराव केला. त्यातील राजकारण वगळले तरी शाळेतील अध्यापन झाकोळेल ही भीती अगदीच निराधार नव्हती.

प्रश्न आहे तो परीक्षेच्या स्वरूपाचा. नालंदेच्या द्वारपंडितांपुढे दहांतील सात-आठ जण परत फिरत, असे ह्युएन त्संगाने नोंदवले आहे. निवड कठोर होती. पण तेथे उमेदवाराला बोलावे लागे, आपले मत पेलावे लागे. आज साठ मिनिटांत पन्नास प्रश्न. बरोबर उत्तराला पाच गुण, चुकल्यास एक वजा. रसायनशास्त्रात हे बऱ्यापैकी निभावते. इतिहासात? पानिपतच्या तिसऱ्या युद्धाचे वर्ष चार पर्यायांतून टिपणाऱ्याला त्या पराभवाची कारणे दोन परिच्छेदांत मांडता येतात का, हे संगणकाच्या पडद्याला कधीच कळत नाही. साहित्याचे तर विचारूच नये.

शिवाय परीक्षेचा अभ्यासक्रम एनसीईआरटीचा आणि ती पुस्तके प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीत. वर्षभर राज्य मंडळाचे पुस्तक अभ्यासलेल्या मराठी माध्यमाच्या मुलीला प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, तयारीचे साहित्य मिळत नाही. ती पोकळी भरावयास शिकवणी वर्ग टपलेलेच आहेत. वास्तविक २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सामायिक परीक्षेची कल्पना मांडली, ती या वर्गांची गरज सरावी म्हणून! लातूर आणि कोटा पाहिलेल्या पालकांना याहून अधिक सांगावयास नको.

जून २०२४ मध्ये त्याच परीक्षा संस्थेला यूजीसी-नेट घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झालेली पाहावी लागली. एका संस्थेच्या एका तासावर सारे भवितव्य टांगणे शहाणपणाचे नाही. विषय परीक्षेला दोन तृतीयांश भार द्यावा. उरलेला, निदान कला शाखेत, विद्यापीठाच्याच अध्यापकांनी तपासलेल्या लेखी उत्तरांना असावा. आणि राज्य मंडळाने एनसीईआरटीच्या पुस्तकांचे मराठी रूप बारावी सुरू होण्यापूर्वी मुलांच्या हाती द्यावे. यास फार मोठा निधी लागणार नाही. प्राध्यापकांना मात्र उन्हाळ्याच्या सुटीत उत्तरपत्रिका तपासावयास बसावे लागेल.