पिंजरा वादाबाहेरच राहिला

शालेय पोषण आहारात अंडे असावे की नसावे, यावरून महाराष्ट्रात दीडएक वर्ष बरीच खडाजंगी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे द्यावयाचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये या खर्चासाठी पैसे देणे बंद झाले. ज्या शाळांना अंडे द्यावयाचे असेल त्यांनी लोकसहभागातून निधी उभा करावा, असे सांगण्यात आले. मधल्या काळात कोणी धर्मभावनेचा दाखला दिला, कोणी आदिवासी पाड्यांतील कुपोषणाकडे बोट दाखविले, कोणी प्रथिनांचा हिशेब मांडला, तर कोणी तिजोरीचा. यांपैकी प्रत्येक मुद्द्यात काही ना काही तथ्य होते. ज्या प्राण्यापासून हे अंडे मिळते त्याचा उल्लेख मात्र या साऱ्या चर्चेत क्वचितच झाला.

हे केवळ विस्मरण म्हणून सोडून देता येणार नाही. मांसाहाराचा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि तो दोनच प्रश्नांभोवती फिरत आला. कोणी काय खावे हा पहिला, आणि कोणता प्राणी मारू नये हा दुसरा. पहिल्यात जातीची उतरंड दडलेली असते. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना १९४८ च्या आपल्या ग्रंथात गोमांसभक्षणाचाच मुद्दा केंद्रस्थानी आणला, तो उगीच नव्हे. दुसऱ्या प्रश्नाला धर्माचे अधिष्ठान आहे. मारला जाण्यापूर्वी तो प्राणी कसा जगला, हा तिसरा प्रश्न विचारण्याची गरज पूर्वी कोणाला वाटली नसावी, कारण त्याचे उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. कोंबड्या परसात माती उकरीत, रात्री डालग्याखाली झाकल्या जात. शेळ्यामेंढ्या धनगरामागे माळ तुडवीत. म्हैस गोठ्यात असे आणि दुपारी डबक्यात डुंबे. हा काही स्वर्ग नव्हता. बैलाच्या पुठ्ठ्यावर आर टोचलेली असे आणि बोकडाच्या मानेवरून सुरी फिरतच असे. पण त्या जिवाला चालता, वळता, पंख पसरता येत होते आणि त्याचे हाल झालेच तर ते चारचौघांना दिसत होते.

आता ते दिसत नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या आणि इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर भरली. त्यांतील ५३ कोटींहून अधिक पक्षी व्यापारी कुक्कुटपालनातील होते. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले आणि देशातील एकूण मांसोत्पादनात जवळजवळ निम्मा वाटा कोंबडीचा होता. एकेकाळी आजारी माणसासाठी आणले जाणारे अंडे आज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. या उद्योगाच्या उभारणीत महाराष्ट्राचा, विशेषतः पुणे परिसराचा, मोठा भाग आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने अंड्याचा भाव ठरविण्याचे काम व्यापाऱ्यांच्या हातून उत्पादकांच्या हाती आणण्याची खटपट केली. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिने आली, हे या सर्व प्रयत्नांचे यश होय आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु हे अंडे स्वस्त झाले ते कसे, हेही पाहिले पाहिजे. अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी आपल्याकडे बहुधा तारेच्या पिंजऱ्यात, इतर अनेक कोंबड्यांसह, कोंबलेली असते. तिच्या वाट्याला येणारी जागा सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर. कचेरीत ज्या ए-फोर कागदावर टिपणे लिहिली जातात त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२५ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे त्या कागदाचा पाऊण भाग कापून घेतला तर तेवढ्यात या कोंबडीचे सारे आयुष्य मावते. तेथे तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, धुळीत लोळता येत नाही. आडोसा शोधून अंडे घालण्याची तिची ओढ इतकी बळकट असते की पिंजऱ्यातही ती अंडे घालण्यापूर्वी अस्वस्थपणे कोपरा धुंडाळीत राहते. एकमेकींना टोचू नये म्हणून पिल्लू असतानाच तिच्या चोचीचे टोक छाटतात. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊन दीड वर्षाच्या सुमारास ती निकामी ठरते आणि मांसासाठी विकली जाते. तिच्याबरोबर अंड्यातून बाहेर पडलेल्या नर पिल्लांना तर एवढेही आयुष्य नसते. ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी लागणारी जात वेगळी असते, म्हणून उबवणी केंद्रातच त्यांचा निकाल लावला जातो. जत्रेत लाल-हिरव्या रंगांत बुडवून विकायला ठेवलेली पिल्ले बहुधा त्यांतलीच.

असे वागविणे कायद्याला तरी मान्य आहे काय? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयावर खासगी विधेयक आणले, पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा करण्याचे आश्वासन दिले आणि त्यातून तो जन्मला. त्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा म्हटला आहे. भाषा पुरेशी स्पष्ट आहे. अडचण शिक्षेची आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड, असे तेव्हा ठरले आणि सहा दशके उलटून गेली तरी कायद्याच्या पुस्तकातील तो आकडा तसाच आहे. पन्नास रुपयांत आज डझनभर अंडी येणेही कठीण.

याच्या शेजारी दुसरा एक कायदा ठेवून पाहावा. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी केली होती; १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीखाली आले. कत्तल करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये परराज्यातून आलेले मांस जवळ बाळगण्यावरील निर्बंध रद्द केले, पण कत्तलबंदी उचलून धरली. या बंदीच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, एका प्राण्याला मारण्याबद्दल पाच वर्षे आणि दुसऱ्याला जन्मभर कोंडण्याबद्दल पन्नास रुपये, हे प्रमाण प्राण्यांविषयीच्या करुणेतून निघालेले आहे असे म्हणणे अवघड आहे.

बरे, ज्याच्यासाठी हा कायदा झाला त्या जनावराच्या जगण्याचे तरी काय? २०१९ च्या गणनेत देशात गोवंश १९ कोटी २५ लाखांच्या घरात होता. त्यांत माद्या साडेचौदा कोटी होत्या आणि नर जेमतेम पावणेपाच कोटी. निसर्ग तर गोऱ्हे आणि कालवडी जवळजवळ सारख्याच संख्येने जन्माला घालतो. शेतात ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्हा पोसण्यात शेतकऱ्याला लाभ उरला नाही. पूर्वी म्हातारा बैल बाजारात विकून त्या पैशांत नव्या जोडीची सोय होई. तो मार्ग बंद झाल्यावर आणि पाठोपाठ २०१५-१६ चा दुष्काळ आल्यावर मराठवाड्यातील शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर कायदा करणाऱ्यांपाशी नव्हते. शहरांतील म्हशींच्या तबेल्यांत नर पारडूला दूध पाजणे म्हणजे विकावयाचे दूध वाया घालविणे. ते भुकेने मरते. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभे करावयाचे म्हणजे ती पान्हा सोडते, हा प्रकार जुनाच आहे. दुधाचा पेला उचलताना आपला हिंसेशी काही संबंध नाही असे मानणाऱ्या शाकाहारी घरानेही हे जाणून घेतलेले बरे.

गांधीजींनी ते जाणले होते. जनावरांकडून दूध काढून घेण्यासाठी जे फुंक्यासारखे प्रकार चालत त्यांची माहिती झाल्यावर त्यांनी दूधच सोडले. पुढे १९१९ च्या सुमारास मोठ्या आजारपणात ते शेळीच्या दुधाला राजी झाले, पण आपल्या व्रताचे शब्द राहिले आणि आत्मा गेला, ही खंत त्यांनी आत्मकथेत लपविली नाही. आज आहाराच्या प्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही पक्षांना ही खंत शिवलेली दिसत नाही. वस्तुतः माणदेशातल्या माळावर चरून एके दिवशी खाटकाकडे गेलेल्या बोकडाचे जिणे पिंजऱ्यातील कोंबडीहून किंवा तबेल्यातल्या पारडाहून पुष्कळच बरे म्हणावे लागेल. मारणे योग्य की अयोग्य हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा विषय मानला, तरी जिवंतपणीच्या यातनांचा प्रश्न खासगी राहत नाही. त्यावर संसदेने १९६० मध्येच मत दिले आहे.

विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल याच विषयावर दिला, पिंजऱ्याच्या पद्धतीवर बोट ठेवले आणि नियमांचा मसुदाही जोडला. २०१९ साली केंद्राने जो मसुदा प्रसिद्ध केला त्यात दर कोंबडीमागे ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचविली होती. हा आकडा ओळखीचा आहे. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशात साध्या पिंजऱ्यांसाठी एवढीच जागा ठरविली होती, तीही तात्पुरती. २०१२ पासून तेथे असे पिंजरे मुळातच बंद झाले. दुसऱ्यांनी अपुरी ठरवून टाकून दिलेली जागा सुधारणा म्हणून सुचविण्यात आली, एवढा हा प्रश्न आपल्याकडे मागे रेंगाळला आहे.

जागा वाढविली की अंडे महागेल, हा आक्षेप खोटा नाही आणि त्याची झळ गरीब मुलालाच आधी लागेल. तथापि अंड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. पिंजऱ्याचा त्या मानाने थोडा. शिवाय दाटीवाटीत रोग पसरतात, त्यांवर प्रतिजैविके द्यावी लागतात आणि तो भुर्दंड शेवटी माणसालाच बसतो. माणसांच्या दुर्धर संसर्गांवर राखून ठेवावयाचे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना देण्यावर केंद्राला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली, हे या संदर्भात पुरेसे बोलके आहे. नव्या पद्धतीचा भार एकट्या शेतकऱ्यावर लोटणे मात्र अन्यायाचे होईल. कंपनीकडून पिल्ले आणि खाद्य घेऊन किलोमागे ठरलेल्या मजुरीवर पक्षी वाढविणाऱ्याच्या हाती निर्णय असतोच कोठे?

ज्याच्या हाती तो आहे असा एक ग्राहक म्हणजे सरकार. तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र प्रदेश ही राज्ये शाळांसाठी नियमित अंडी खरेदी करतात. एवढा मोठा गिऱ्हाईक अंड्याचे वजन आणि ताजेपणा यांच्या अटी घालू शकतो, तर कोंबडीला जागा किती असावी याचीही अट घालू शकतो. प्रारंभी काही जिल्ह्यांपुरती, वाढीव दर देऊन आणि उत्पादकाला मुदत देऊन. महाराष्ट्र शासनाने मात्र हे काम मुख्याध्यापकांच्या देणगीपुस्तकावर सोपविले आहे. गावातून रुपया-दोन रुपये गोळा करून अंडी आणणारा शिक्षक बाजारात मिळेल ते सर्वांत स्वस्त अंडे घेणार, आणि ते पिंजऱ्यातलेच असणार.