एसीचा गॅस संपत नसतो

मार्च उजाडतो, पंख्याची हवा गरम लागायला लागते, आठ महिने झोपलेला एसी सुरू केला जातो आणि घराघरांत तेच वाक्य ऐकू येतं : "गॅस कमी झालाय साहेब, भरावा लागेल." आपण मान डोलावतो. गॅस म्हटल्यावर डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातलं सिलिंडर येतं. वापरला की संपतो, संपला की भरायचा. दुचाकीत पेट्रोल घालतो तसंच.

हे साफ खोटं आहे. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही, झिजत नाही. तो बंद नळीत गोल गोल फिरतो. खोलीतल्या कॉइलमध्ये उष्णता शोषून त्याची वाफ होते, बाहेरच्या यंत्रातला कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तिथल्या कॉइलमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. दहा वर्षं फिरला तरी तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर अर्थ एकच : नळीला कुठेतरी भोक आहे. आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पुढच्या मार्चमध्ये तोच माणूस, तेच वाक्य, तेच अडीच-तीन हजार.

विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरात जा आणि फ्रिजकडे बघा. आत हेच चक्र, हीच कॉइल, हाच कॉम्प्रेसर. बारा महिने, चोवीस तास चालू. आजीच्या घरातला फ्रिज वीस वर्षं चालला. दर उन्हाळ्यात त्यात गॅस भरल्याचं कुणाला आठवतंय? नाही. मग एसीलाच ही दरवर्षीची तहान का?

कारण फ्रिज कारखान्यात जन्मतो आणि स्प्लिट एसी तुमच्या घरात. फ्रिजच्या नळ्या कारखान्यातच डाग देऊन कायमच्या बंद केलेल्या असतात. स्प्लिट एसीची आतली आणि बाहेरची यंत्रं वेगवेगळी येतात आणि तांब्याच्या नळीनं ती जोडतो तुमच्या घरी आलेला पोरगा, स्टुलावर उभा राहून. नळीचं टोक सनईच्या तोंडासारखं फाकवायचं, त्यावर पितळी नट बसवायचा आणि नेमक्या ताकदीनं आवळायचा. कमी आवळला तर गळती, जास्त आवळला तर तोंड चिरतं आणि पुन्हा गळती. हे मोजून करण्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. तुमच्या घरी एसी बसवायला आलेल्याकडे तो होता का? त्या दिवशी त्याला आणखी किती एसी बसवायचे होते? दरवर्षी गॅस भरावा लागणाऱ्या बऱ्याच एसींचं दुखणं बसवण्याच्या दिवशीच जन्माला आलेलं असतं.

बाकीची गळती गावावर अवलंबून. समुद्राकाठी खारी हवा बाहेरची कॉइल खाते. शहरांत उघड्या नाल्यांमधून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं पोखरतो. आणि एक गंमत म्हणजे घरातलं नवं फर्निचर, प्लायवुडचा डिंक, काही फवारे यांतून निघणाऱ्या रसायनांपासून ओलसर कॉइलवर फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि ते तांब्याला मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म बिळं पाडतं. तंत्रज्ञांच्या भाषेतही त्याचं नाव मुंग्यांवरूनच पडलंय.

आता नीट दुरुस्ती म्हणजे काय ते ऐका, कारण भांडण इथेच आहे. आधी नळीत कोरडा नायट्रोजन दाबानं भरायचा. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं. भोक सापडलं की बुजवायचं. पुन्हा दाब देऊन तो टिकतो का बघायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल पूर्ण खेचून काढायची. यालाच अर्धा-पाऊण तास. शेवटी बाहेरच्या यंत्राच्या पट्टीवर छापलेलं वजन वाचून तेवढाच गॅस तराजूवर मोजून भरायचा. हो, तराजूवर. घरगुती एसीत साधारण किलोभर किंवा त्याहूनही कमी गॅस असतो, त्यामुळे शे-दोनशे ग्रॅमनं फरक पडतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, म्हणून नुसत्या गेजवरचा दाब बघून "झाला बघा बरोबर" म्हणणं हा निव्वळ अंदाजपंचे कारभार.

या सगळ्याला दोन-तीन तास लागतात. आणि तुमच्या घरी काय होतं? वीस मिनिटं. गेज लावलं, सिलिंडर उलटं केलं, थंड हवा आली, सही करा.

इथे आपण लगेच ठरवून टाकतो की मेकॅनिक लोक चोर असतात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर ठराव झाल्यासारखे मेसेज पडतात. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. चोर असतील काही, सगळ्याच धंद्यांत असतात. पण वीस मिनिटांच्या कामाची बाजारपेठ कुणी तयार केली? आपण केली. निदानाचे पैसे द्यायचे नाहीत, हे आपलं पक्कं ठरलेलं असतं. मेकॅनिक आला, तासभर तपासलं आणि म्हणाला, "गॅस बरोबर आहे, फिल्टर धुवा आणि बाहेरच्या यंत्रासमोरची कुंडी हलवा", तर आपण म्हणतो, काहीच केलं नाही तरी पाचशे मागतोय! डॉक्टरनं तपासून "काही नाही, साधा सर्दी-खोकला आहे" म्हटलं की आपण फी देऊन हसत बाहेर येतो. इथे मात्र डोक्याचे पैसे नकोत, वस्तूचे हवेत. मग तो वस्तू विकतो. गॅस दिसत नाही, मोजला जात नाही, आणि भरल्यावर हवा थंड येते. विकायला याहून सोयीची वस्तू कुठली?

ॲप उघडून बघा. तिथे 'तपासणी' काही शे रुपयांत असते आणि 'गॅस रिफिल' काही हजारांत. सीझन मार्च ते जून, पैसे फेऱ्यांवर, वर रेटिंगची तलवार. या माणसानं तुमच्याकडे तीन तास घालवून गळती शोधावी, अशी अपेक्षा कुठल्या गणितात बसते?

आणि तो काम कुठे करतो तेही खिडकीतून वाकून बघा. फ्लॅटच्या माहितीपत्रकात 'एसी पॉइंट' असं अभिमानानं छापलेलं असतं. म्हणजे भिंतीतला एक सॉकेट. बाहेरचं यंत्र ठेवायला, त्याच्याशेजारी माणसाला उभं राहायला जागा? ती नसते. सातव्या मजल्यावर एक पाय ग्रिलवर आणि एक छज्जावर ठेवून पोरगा नट आवळत असतो, आपण आतून त्याचा शर्ट धरतो आणि स्वतःला माणुसकीचं प्रमाणपत्र देतो. सेफ्टी बेल्ट नसेल तर काम करू देणार नाही, असं किती घरांत म्हटलं जातं? काही सोसायट्या इमारतीच्या शोभेसाठी समोरच्या बाजूला यंत्र लावू देत नाहीत. मग ते मागच्या अरुंद डक्टमध्ये जातं. तिथे सहा घरांची सहा यंत्रं एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकतात, दाब वाढतो, कॉम्प्रेसर बंद पडतो. निदान? बरोबर ओळखलंत. गॅस.

धोका पडण्याचाच नाही. नायट्रोजनचं सिलिंडर नसलं म्हणून काही जण वेल्डिंगच्या ऑक्सिजननं दाब देतात. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. नव्या एसींत सर्रास असणारा आर-३२ हा वायू सौम्य ज्वलनशील आहे. नळीत तो शिल्लक असताना टॉर्च लावणं हा जिवाशी खेळ, आणि जळला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू निघतो. म्हणून 'पटकन उरका' हे वाक्य तुमच्या तोंडून निघतं तेव्हा त्याची किंमत दुसरा कुणीतरी मोजत असतो.

तुमच्या खोलीतून गळालेला गॅस पुढे कुठे जातो, हेही बघू. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनचा थर खातो. त्याच्या जातीच्या वायूंसाठीच १९८७ साली माँट्रिअल करार झाला. नवे वायू ओझोनला हात लावत नाहीत, पण वातावरण तापवतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो आर-३२ हा सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि एक किलो आर-४१०ए हा दोन हजार किलोंहून जास्त. म्हणजे ८०० ग्रॅम आर-३२ गळाला तर ५४० किलो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी दुचाकी दहा हजार किलोमीटर पळवल्यासारखं. आणि आपण प्लास्टिकचा स्ट्रॉ नाकारून खूश असतो.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. हे वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६चा, भारतानं तो २०२१ साली मान्य केला. २०१९च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. पण टीव्हीवर चर्चा कशाची रंगते? एसी किती अंशांवर लावावा याची. २०२०पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवर असतात. २०२५च्या जूनमध्ये ऊर्जामंत्र्यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याची घोषणा केली आणि आठवडाभर मीम्सचा पाऊस पडला. २४ला माझा विरोध नाही. पण गळका, अर्धपोटी एसी २४वर लावला तरी कॉम्प्रेसर थांबतच नाही, बिल चढतच राहतं. रिमोटवर नियम करणं सोपं, नटावर करणं कठीण.

कंपन्याही साळसूद नाहीत. एसीच्या पडद्यावर बिघाडाचा कोड झळकतो, पण त्याचा अर्थ सोबतच्या पुस्तिकेत बहुधा नसतो. आमच्या घरच्या एसीनं असा एक कोड दाखवला तेव्हा कंपनीच्या फोनवरच्या मुलीनं मला तो सांगायला चक्क नकार दिला. "टेक्निशियन व्हिजिट बुक करा" एवढंच. पैसे माझे, यंत्र माझं, दुखण्याचं नाव मात्र त्यांच्या मालकीचं. ग्राहक मंत्रालयानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, त्यात घरगुती उपकरणंही येतात. चांगलं आहे. पण तो हक्क मागायला आधी यंत्र आपल्याला कळायला हवं, ही इच्छाच आपण सोडून दिली आहे.

विदर्भात ही इच्छा अजून शाबूत आहे. नागपूर-अमरावतीकडे उन्हाळा लागला की कूलर खाली काढतात, ताट्या बदलतात, टाकीतला क्षार खरवडतात, पंप उघडून साफ करतात. शाळकरी पोरांनाही हे येतं. (अर्थिंग तपासण्याचं मात्र तिथेही राहून जातं, आणि शॉक लागून माणसं दगावतात.) मुंबईच्या दमट हवेत कूलर चालत नाही, मान्य. पण यंत्राशी असलेलं ते नातं दमट हवेत का टिकू नये?

एसीतही घरच्या घरी कळण्यासारखं बरंच असतं. खोलीत पाणी ठिबकतंय? बहुतेक वेळा ड्रेनचा पाइप तुंबलाय, गॅसचा संबंध नाही. कॉइलवर बर्फ जमलाय? गॅस कमी असू शकतो, पण आधी फिल्टर बघा. धुळीनं हवा अडली तरी बर्फ जमतो. बाहेरचं यंत्र नुसतं घुमतंय आणि पंखा फिरत नाही? साध्या एसीत काही शे रुपयांचा कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. तो स्वतः उघडू नका, वीज बंद केली तरी त्यात झटका साठलेला असतो. एसीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजा. आठ-दहा अंशांचा फरक असेल तर गॅसवर लगेच संशय घेऊ नका.

आणि मेकॅनिक "गॅस भरू का?" म्हणाला की विचारा : गळती कुठे आहे? सापडली नसेल तर शोधायचे किती घेणार? तो आकडा आकडाच असेल, हजार, दीड हजार. घासाघीस करू नका. द्या. मग बिल मागा. सध्याच्या बिलावर 'गॅस – १' एवढंच लिहिलेलं असतं. एक काय? किलो? सिलिंडर? वेळ? किती ग्रॅम, कुठला वायू, भोक कोणत्या जोडावर होतं, हे त्याच्याच हातानं त्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढच्या मार्चमध्ये दार उघडताना तो हातात असू द्या.