आगगाडीला भिंत मिळत नाही

गिरगावातल्या एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. दिवाणखान्याला नवा रंग आणि भिंतीवर नवी तसबीर: क्लोद मोनेच्या ‘बर्फातली आगगाडी’ची छापील प्रत. मला मनापासून आनंद झाला. पण यजमान म्हणाले, “काय वातावरण आहे पाहा! आपल्याकडे असले काही नाही. नुसता धूर आणि गर्दी.”

अहो, मग त्या चित्रात दुसरे काय आहे? 1875 साली पॅरिसजवळच्या आर्झांतय गावी, मोने राहत होता तिथेच, हे स्टेशन त्याने रंगवले. त्यातले बर्फ शुभ्रसुद्धा नाही. तुडवलेले, मळकट आहे. निष्पर्ण झाडे, एक कुंपण, काळे डबे, इंजिनाचे दोन पिवळे-तांबडे दिवे आणि करड्या आभाळात विरणारा धूर. ना हिमशिखर, ना अप्सरा! दोनच वर्षांनी, 1877 मध्ये, हा गृहस्थ पॅरिसचे सां-लाझार स्टेशन पुनःपुन्हा रंगवीत बसला.

आणि आपण? ठाण्याची पहिली गाडी बोरीबंदराहून 16 एप्रिल 1853 रोजी सुटली, चारच वर्षांनी जे. जे. कलाशाळा निघाली. म्हणजे रूळ आणि कुंचला या शहरात बरोबरीनेच वाढले. पण आपल्या भिंतींना हवे असतात घाट, देवळे आणि समई उजळणाऱ्या सुंदरी. चित्रकाराला मी बोल लावत नाही. गिऱ्हाईकच नसेल तर त्याने परळचा कारखाना कोणासाठी रंगवावा?

कवितेत गिरणगाव आले. नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962चा. चित्रातही आले, हे किती जणांना ठाऊक आहे? ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या सुधीर पटवर्धनांनी लोकलमधली माणसे रंगवली, 2001 मध्ये ‘लोअर परळ’ रंगवले. तोवर 1982च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावत गेले होते, धुरांड्यांशेजारी मनोरे चढत होते. त्या चित्राची साधी छापील प्रत तरी आपल्यापैकी कोणाकडे आहे? पौषातल्या पहाटे करी रोडच्या पुलावर उभे राहा. धुरकटातून आधी नुसता दिवा दिसतो, मग गाडी. आपला हिवाळा तो एवढाच, पण आहे!

हे सारे मी यजमानांना ऐकवले. एवढ्यात चर्नी रोडला लोकल धडधडत शिरली. “फार कटकट हो या गाड्यांची,” असे म्हणत त्यांनी उठून खिडकी लावून घेतली आणि माझ्यापुढे चकलीची बशी सरकवली.