आपली स्कूटर आणि आंबेनळीचा घाट

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सध्या एक साथ आली आहे. डेंग्यूची नाही, हलक्या रोलरची. एकाने टाकले म्हणून दुसऱ्याने टाकले, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याने. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "महाबळेश्वरला जायचंय ना, वर हवा विरळ असते, गाडी चढत नाही." माझं म्हणणं असं, की या उत्तरातलं विज्ञान बरोबर आहे, पण हिशोब साफ चुकलेला आहे. आणि मंडळी, आपण इंजिनिअरिंगला आहोत, निदान हिशोब तरी आपल्याला यायला हवा!

आधी ज्यांच्या शाखेत चाकं-पुल्या येत नाहीत (कॉम्प्युटरवाले, तुम्ही) त्यांच्यासाठी थोडक्यात. गिअरलेस स्कूटरचं डाव्या बाजूचं, किकच्या बाजूचं झाकण उघडलं की दोन पुल्या आणि त्यांच्यावरून जाणारा रुंद रबरी बेल्ट दिसतो. पुढची पुली इंजिनच्या शाफ्टवर. तिच्या पोटात साधारणपणे सहा रोलर असतात. इंजिन फिरायला लागलं की हे रोलर बाहेर फेकले जातात, तिरप्या पट्टीवर चढतात आणि पुलीच्या एका थाळीला दुसरीकडे ढकलतात. मधली फट कमी झाली की बेल्ट वर सरकतो आणि गाडी जणू वरच्या गिअरला जाते. मागच्या पुलीत एक स्प्रिंग आणि काही तिरप्या खाचा असतात, त्या उलट दाबतात. इंजिन जितका जोर लावेल तितका खाचांचा दाब जास्त. पुढचे रोलर ढकलतायत आणि मागची पुली अडवतेय, अशी ही रस्सीखेच चोवीस तास चालू. (माझी शाळा कॉन्व्हेंटची. या सगळ्याला 'अपकेंद्री बल' म्हणतात हे मला याच विभागाच्या संपादकांनी सांगितलं. तोंडपाठ केलंय.)

रोलरचा धक्का वजनाच्या पटीत वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे वजन १० टक्के कमी केलं तर तेवढाच धक्का द्यायला इंजिनाला सुमारे ५ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. हलक्या रोलरचं गुपित एवढंच! गाडीत ताकद नवीन येत नाही. गिअर उशिरा पडतो, त्यामुळे इंजिन जास्त फेऱ्यांवर राहतं, आणि तिथे त्याच्याकडे जी ताकद मुळातच होती ती वापरायला मिळते. कंपनीने रोलर निवडताना शहरातला रस्ता आणि अ‍ॅव्हरेज डोळ्यासमोर ठेवलेलं असतं, त्यामुळे सहसा थोडी जागा शिल्लक असते.

आता उंची. ही कल्पना हॉस्टेलच्या कट्ट्यावर जन्मलेली नाही. बर्फावरच्या स्नोमोबाइलमध्ये अशीच बेल्टची यंत्रणा असते, आणि अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात तीन हजार मीटरवर त्या चालवणारे लोक उंची बदलली की क्लचमधली वजनं बदलतात. बनवणाऱ्या कंपन्याच तक्ता देतात: अमुक उंचीपर्यंत हे वजन, त्याच्या वर ते. कारण वर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, म्हणून मागच्या पुलीचा अडवणारा दाबही कमी. रोलर मात्र तेवढेच जड. रस्सीखेचीत पुढची बाजू जिंकते, गाडी लवकर वरच्या गिअरला जाते आणि इंजिन दबून गुरगुरत बसतं. आपल्याकडे गुलमर्गला पर्यटकांना फिरवणाऱ्या स्नोमोबाइल २६५० मीटरच्या आसपास चालतात. तिथे हवेची घनता समुद्रकाठापेक्षा साधारण २३ टक्के कमी भरते. तिथे हा विचार करायलाच हवा.

पण महाबळेश्वर म्हणजे गुलमर्ग नव्हे. ते साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. प्रमाण वातावरणाच्या सूत्रात आकडा घाला (फ्लुइडच्या पुस्तकात आहे), हवा सुमारे १२ टक्के कमी मिळते. इंजिनाचा जोर साधारण तेवढाच घटेल. शिवाय मागच्या पुलीत खाचांबरोबर स्प्रिंगही आहे, आणि स्प्रिंगला उंचीशी काही घेणंदेणं नाही. त्यामुळे रस्सीखेच पुन्हा बरोबरीत आणायला रोलरमधून काढायचं वजन १२ टक्क्यांपेक्षाही कमी. एक रोलर समजा १५ ग्रॅमचा धरला तर फार तर दीड ग्रॅम. आणि तेही अगदी वर, बाजारपेठेत पोचल्यावर! प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत तर तेवढंही नाही.

आता दुसरा हिशोब, जो कुणी करत नाही. स्कूटर सुमारे ११० किलो, चालवणारा ६५, बॅग १०. झाले १८५. मागे ५५ किलोचा मित्र बसला की २४०. चढावर इंजिनाला जे ओढायचं असतं त्यात एकदम ३० टक्के वाढ! म्हणजे आंबेनळीत तुमच्या गाडीला विरळ हवेपेक्षा मागे बसलेला मित्र दुपटीहून जास्त जड पडतो. आणि पोलादपूर सोडल्यावर घाटाच्या पायथ्याशीच गाडी दम काढायला लागली, तर तिथे कसली आलीय विरळ हवा? तिथे तुम्ही समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटरवर आहात. तो चढ असतो, डबलसीट असते, किंवा झिजलेला बेल्ट असतो. बेल्ट झिजून अरुंद झाला की पुलीत नीट बसत नाही, घसरतो. रोलर एका बाजूला सपाट झाले की पट्टीवर सरळ सरकत नाहीत, अडकत-धडकत जातात. आमच्या विंगमधल्या एका स्कूटरला एका गॅरेजमध्ये नवे हलके रोलर टाकून दिले आणि बेल्टकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. बेल्टच्या कडांना चिरा होत्या. घाटात तो तुटला असता तर? गाडी जागेवर उभी, मागून एसटी, आणि एका बाजूला दरी.

अजून एक गोष्ट कट्ट्यावर सांगत नाहीत. वळणावर गाडी जवळजवळ थांबते आणि पुन्हा उचलावी लागते, तेव्हा रोलर आधीच आतल्या टोकाला बसलेले असतात. बेल्ट सगळ्यात खालच्या गिअरला. त्याच्याखाली गिअरच नाही! तिथे रोलर हलका असो की जड, फरक शून्य. रोलरचं काम बेल्ट सरकायला लागल्यावर सुरू होतं. उतारावर तर त्याचा उपयोग त्याहून कमी. एक्सलेटर सोडून हळू उतरताना फेऱ्या कमी झाल्या की मागचा क्लच सुटतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. (थोडा एक्सलेटर दिला की क्लच पुन्हा पकडतो, मग इंजिन थोडंफार अडवतं. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी तरी डबलसीट उतरू नये.) म्हणजे 'घाटासाठी रोलर' म्हणून जे विकतात ते चढाच्या एका तुकड्यासाठी आहे. उतरण्याची जबाबदारी आपली आपणच घ्यायची.

आणि किंमत? महाबळेश्वर वर्षातून दोनदा. उरलेले दिवस दिवेआगर, श्रीवर्धन, माणगाव स्टँड, झेरॉक्स. घोणसे घाट सोडला तर बहुतेक रस्ता सपाट. फार हलके रोलर असतील तर या सपाट रस्त्यावर इंजिन उगाच ओरडत फिरतं, पेट्रोल पितं, आणि वरचा वेग गाठायला कुरकुर करतं. मेसच्या बिलावर भांडणारे आपण, पेट्रोलचा हिशोब मात्र कुणी करत नाही.

याचा अर्थ रोलर कधीच बदलू नयेत असा नाही. मी ज्यांच्यासाठी बदलीन असे लोक आपल्याला रोज दिसतात. मासळीचा बर्फासकट भरलेला क्रेट पुढे आणि एक मागे घेऊन पहाटे किनाऱ्यावरून आत येणारे. सिलिंडर पोचवणारे. वाडीवरून रोज चढ चढून दूध आणणारे आपल्या मेसचे काका. त्यांच्या गाडीवर ३० टक्के जादा ओझं हे ट्रिपचं नाही, रोजचं आहे. त्यांना थोडे हलके रोलर द्यायला हवेत, मोजून. पण त्यांना ते कुणी सांगत नाही. काकांना एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं की "यात काही करता येत नाही, गाडीच तेवढी आहे." हॉस्टेलमधल्या कॉलेजकुमाराला पिकअपसाठी रोलर, आणि ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याला 'गाडीच तेवढी'!

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की आमच्या मेकॅनिकलच्या मुलांना ही 'पोरींची गाडी' वाटते. बुलेटच्या आवाजावर तासभर बोलतील, पण पार्किंगमधलं सगळ्यात हुशार यंत्र त्या झाकणामागे आहे हे त्यांना पटत नाही. १९८४ मध्ये किनेटिक आणि होंडा एकत्र आल्या, पीथमपूरला कारखाना निघाला आणि किनेटिक होंडाने आपल्या आईबाबांच्या पिढीला गिअर न टाकता गाडी चालवायला शिकवलं. २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली. आणि गंमत बघा, २००७ पासून बाहाची स्पर्धा त्याच पीथमपूरला सुरू झाली, जिथे बऱ्याच टीमच्या गाड्यांत हीच बेल्टची यंत्रणा असते आणि तीच मुलं रात्र-रात्र जागून तिची वजनं बदलत बसतात. तिथे ती यंत्रणा 'सीव्हीटी', म्हणून मान. आईच्या स्कूटरमध्ये असली की पोरींची गाडी!

पूर्वी कार्बोरेटरच्या गाडीला उंचीवर दोन दुखणी होती. पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडायचं आणि बेल्टची रस्सीखेचही. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर बहुतेक स्कूटरना इंजेक्शन आलं, मिश्रणाची काळजी आता कॉम्प्युटर घेतो. पण तो गेलेला जोर परत आणत नाही, आणि रोलरना तर त्याने काही कळवलेलंच नाही. ते अजून जिथे बनले तिथलंच वजन घेऊन फिरतायत. इलेक्ट्रिक स्कूटर आल्या की हा सगळा प्रश्नच मिटेल, मोटरला श्वास लागत नाही. पण काकांची गाडी अजून सात-आठ वर्षं पेट्रोलचीच असणार आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. थिअरी ऑफ मशीन्सच्या लॅबमध्ये बेल्टच्या ताणाचा जो प्रयोग आपण फळ्यावरची उत्तरं बघून लिहितो, त्याच्या जोडीला एक जुनी स्कूटर उघडून ठेवा. केमिस्ट्रीच्या लॅबमधला डिजिटल काटा एक दुपार उसना द्या, म्हणजे रोलर तोलता येतील (झिजलेले आणि नवे, दोन्ही). दोन वजनांचे तीन-तीन रोलर एकाआड एक बसवले की मधलं वजनही मिळतं, नवीन काही विकत घ्यायला नको. फेऱ्या मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर आम्ही वर्गणी काढून घेतला आहे. परीक्षा संपली की पोलादपूरहून वर जायचं, एकदा एकट्याने, एकदा डबलसीट, एकदा काकांच्या दुधाच्या किटल्यांएवढं वजन बांधून. काका स्वतःची गाडी द्यायला तयार आहेत, फक्त सकाळचं दूध पोचल्यानंतर. आणखी एक स्कूटर हवी आहे, शक्यतो जिचा बेल्ट मालकाने आजवर कधीच पाहिलेला नाही अशी. नावं मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरच्या कागदावर लिहावीत. मुलांनीही लिहावीत, वॉचमनकाकांना सांगून ठेवलं आहे.